सासूबाईंचा पान्हा

गोठ्याच्या निळ्या दारावर, आतल्या बाजूने, खडूने पाच नावं लिहिलेली होती. बाबांपुढे होतं 'नांगरट, दुरुस्त्या, दोन गाई'. आईपुढे 'सासूबाई, बियाणं आणि उरलेलं सगळं'. वकिलापुढे 'पाण्याचा पंप'. शेपटापुढे 'अंडी'. आणि थोरलीपुढे होतं 'मदत'.

या घरात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. वकील अकरा वर्षांचा होता आणि 'जेवायला ये' या दोन शब्दांवरही तो तीन मुद्दे काढून वाद घालू शकत असे. शेपूट सहा वर्षांची, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मागे लोंबकळणारी. थोरली तेरा पूर्ण. राहिल्या सासूबाई. सासूबाई म्हणजे गाय. तपकिरी, रुंद, कपाळावर पांढरा डाग, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की पाहुणचारात कुठेतरी काहीतरी कमी पडलंय. तिचं हे नाव आईनेच ठेवलं होतं. बाकीच्या दोन गाई मिळून जेवढं दूध देत तेवढं ती एकटी देई, पण फक्त आईला. बाबांनी एकदाच प्रयत्न केला होता. त्यानंतर आठ दिवस ते लंगडत होते आणि विचारणाऱ्याला पायरीवरून घसरलो म्हणून सांगत होते.

दाराचा नियम साधा होता. एखादं काम आपल्या नावापुढे यायला हवं असेल, तर ते सलग दहा दिवस कुणाचा हात न लागता करून दाखवायचं. एकदा खडूने लिहिलं गेलं की ते काम तुमचं. मग तुम्ही ते बिघडवा, सांडा, त्यावर बसून रडा, मध्ये कुणी पडायचं नाही. मोठ्यांनी तर अजिबात नाही. जो हात घालेल, किंवा नुसतं 'असं नको, तसं कर' म्हणेल, त्याने गोठ्यातली शेणाची नाली साफ करायची. हा नियम आईने केला होता आणि तो पाळताना बाबांच्या जिवावर येत असे. पहिल्याच आठवड्यात वकील पंप बंद करायला विसरला आणि कांद्याची कोवळी रोपं पाण्यावर पोहायला लागली, तेव्हा बाबा दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बांधावर उभे होते आणि त्यांच्या तोंडून नुसता हवा गेलेल्या टायरसारखा आवाज येत होता. वकिलाने तीन दिवस वाकून रोपं पुन्हा लावली. त्यानंतर पंपाच्या बाबतीत तो घड्याळापेक्षा वक्तशीर झाला. शेपटाने एकदा नऊ अंडी दोन खिशांत भरली आणि गवताच्या गंजीवरून घसरगुंडी केली. तो फ्रॉक तिने स्वतः धुतला. आता ती टोपली वापरते.

मग थोरलीचंच घोडं कुठे अडलं होतं? तर तिला सगळंच येत होतं, तिथे. पंपाचा वॉशर गेला की, थोरली, जरा धर. कोंबडी छपरावर चढली की, थोरली, जरा ये. बाबांना पाना हवा, आईला चाळण हवी, थोरली धावली. दहा दिवस सलग एक काम करायला कुणी तिला मोकळं सोडलं तर ना. आणि तोंडाने मागण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती मूग गिळून बसणारी होती, आणि गेल्या दोन वर्षांत एवढे मूग गिळले होते की पोटात शेत उगवायला हवं होतं.

अशात मावशीला जुळं झालं. आई चार दिवसांत येते म्हणून पिशवी भरून निघाली. निघताना तिने सासूबाईंच्या पाठीवर हात फिरवला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. तेवढ्यात थोरली म्हणाली, "मी काढीन धार. आणि दहा दिवस जमलं तर दारावर ती माझी."

दोघंही तिच्याकडे असे बघत राहिले, जणू कपाटच बोललं. आई म्हणाली की मी तर चारच दिवस चाललेय. वकिलाने ताबडतोब हरकत घेतली की नियमात दहा दिवस लिहिलेत, आई घरी असावी की नसावी हे लिहिलेलं नाही. आई हसली, ठीक आहे म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी थोरली स्टूल घेऊन बसली. कास कोमट पाण्याने धुतली, बादली गुडघ्यांत धरली, आईचे हात जसे चालत तसे हात चालवले. पहिल्या धारा पडल्या, टण्, टण्, आणि मग काहीच नाही. सासूबाईंनी पान्हा चोरला. म्हणजे दूध आहे, कास भरून तटतटलीय, पण गाय ते वर ओढून धरून बसलीय आणि भिंतीकडे बघत रवंथ करतेय. पाव बादलीसुद्धा भरली नाही. वासराला सोडून बघावं तर ते केव्हाच मोठं होऊन गवत खायला लागलं होतं, आणि सासूबाईंनी त्यालाही लाथेनेच निरोप दिला होता.

दुसऱ्या दिवशी वकिलाने मुद्दे मांडले. मुद्दा पहिला, वास. थोरलीने आईचा गोठ्यातला कोट घातला, आईचे रबरी बूट घातले, आईचा रुमाल डोक्याला बांधला. कोट गुडघ्यांपर्यंत आला. सासूबाईंनी कॉलर हुंगली, एक बटण चाटलं आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मुद्दा दुसरा, आवाज. बाबांच्या फोनवरून आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि शेपटाने तो दोन्ही हातांनी गाईच्या कानाशी धरला. आई पलीकडून लोण्यासारख्या आवाजात बोलली. बाळा, शहाणी ना तू, जेवलीस का, माझी आठवण येते का. सासूबाईंनी कान फडकवला आणि फोन वैरणीत पडला. वैरणीतून आईने शेपटाला विचारलं की तिकडे काय चाललंय, आणि शेपटाने खरं सांगितलं की आई, तिने तुला ओळखलं नाही. आई म्हणाली की जुळ्यांतलं एक रडतंय, ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कास हाताला कडक लागली. बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर उंच, पाठीत वाकलेले, आणि माणसांपेक्षा गुरांशी जास्त अदबीने बोलणारे. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केल्यासारखी मान लववली, कास चाचपली आणि एक इंजेक्शन दिलं. त्याने आजच्यापुरतं दूध उतरलं. पण हे रोजचं औषध नाही, ते म्हणाले, दोन दिवसांत ही आपणहून मोकळी झाली नाही तर कासेला सूज धरेल, आणि मग गाय भाकड झाली असं समजा. हिला सवय कशाची आहे ते शोधा.

डॉक्टर गेले आणि जाताना त्यांनी गोठ्यापुढचं फाटक उघडंच टाकलं. बाबांनी थोरलीकडे न बघता सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तुझ्या आईला परत बोलावतो. ते रागावले नव्हते. तेच जास्त वाईट होतं. मावशीकडे दोन तान्ही, मावशी अंथरुणात, आईला चार दिवस पुरणार नाहीत हे दिसतच होतं, आणि तिला परत यावं लागणार ते थोरलीला एक गाय पिळता आली नाही म्हणून. पुढे दारावर काय राहणार हे तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. 'मदत'. म्हातारी होईपर्यंत 'मदत'.

चौथ्या दिवसाची संध्याकाळ. कोट घामाने पाठीला चिकटलेला, बोटं दुखून सुजलेली, बादलीत तळ झाकेल एवढं दूध. वकील कोपऱ्यात वहीत काहीतरी खोडत होता. शेपूट टोपलीतली अंडी पुन्हा पुन्हा मोजत होती. बाबा नेहमीसारखे शेजारची जागा धुवायला आले. नेहमीसारखंच त्यांनी पाठीमागे फाटक ढकललं आणि कडी लावली नाही. नेहमीसारखंच शेणाने भरलेलं फावडं स्वच्छ वैरणीला टेकवून ठेवलं. फाटक उघडलं, सहा कोंबड्या रांगेने आत आल्या आणि त्यातली एक थेट सासूबाईंच्या गव्हाणीत उतरली.

आणि थोरलीचं तोंड उघडलं. ते तिने उघडलं नव्हतं. ते आपणहून उघडलं.

"अहो, किती वेळा सांगायचं, कडी लावा म्हणून? शोभेला लावलीय का ती? आणि ते फावडं ठेवायला अख्ख्या गोठ्यात तेवढीच जागा मिळाली? ती वैरण कोण खाणार आहे, तुम्ही?"

शेपटाने 'अहो' ऐकून दोन्ही हात तोंडावर दाबले. थोरलीने जीभ चावली आणि आता जमीन दुभंगली तर बरं असं तिला वाटलं. बाबांच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला.

आणि बादलीत आवाज झाला. टण् नव्हे. घुर्र, घुर्र, फेसाचा, जाड, भरगच्च आवाज. थोरलीने खाली बघितलं. तिच्या मुठींतून दोरीएवढ्या जाड धारा पडत होत्या. ती चकित होऊन गप्प झाली आणि दहा मोजायच्या आत धारा बारीक झाल्या.

"थांबू नकोस," बाबा कुजबुजले. "बोल."

"काय बोलू?"

"तेच. मला."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आई आणि बाबा दिवसभरात एका छपराखाली येत ते फक्त धारेच्या वेळेला. ती इकडे धार काढी, ते तिकडे जागा धुवत, आणि दिवसभराचा सगळा राग आई तिथे रिता करत असे. गेली सहा वर्षं, रोज दोन वेळा. घरातल्या बाकीच्यांना ती कटकट वाटे. सासूबाईंना ते अंगाईगीत होतं.

थोरलीने मोठा श्वास घेतला आणि कडीपासून सुरुवात केली. कडी झाली, फावडं झालं, मग ओसरीवर काढलेले चिखलाचे बूट, मग गळका नळ, जो 'उद्या बघतो' असं म्हणता म्हणता दोन हिवाळे गळत होता. आधी आवाज कापत होता. नळापर्यंत तो कापायचा थांबला. चहाचा कप ट्रॅक्टरच्या टपावर ठेवून विसरण्यापाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला मजा येतेय. बाबा फावडं धरून मान खाली घालून उभे होते आणि अधूनमधून 'हो, ते चुकलंच' म्हणत होते. बादली काठोकाठ भरली.

बाहेर आल्यावर वकिलाने निकाल दिला की दहा दिवस आजपासून धरायचे. बाबांनी विचारलं की मी रोज तिथे उभा राहतोय, ती मदत नाही का झाली. वकील म्हणाला, मुळीच नाही, मदत करणारा काहीतरी करतो, तुम्ही नुसते बोलून घेताय. त्याच दिवशी आईचा फोन आला की मावशीला अजून उठवत नाही, आणखी आठ-दहा दिवस लागतील. बाबांनी तिला निवांत राहायला सांगितलं. दूध? दूध उत्तम चाललंय. कसं जमलं? थोरलीने जमवलं. त्यापुढे बाबांनी एक अक्षर सांगितलं नाही, आणि मुलांनाही डोळ्यांनी दटावलं.

मग जे दिवस आले तसे थोरलीने आयुष्यात पाहिले नव्हते. पहाटे उठावं आणि बापाला फैलावर घ्यावं, शाळेतून यावं आणि पुन्हा घ्यावं, आणि वर ते कामात मोजलं जावं. वकील आदल्या दिवशीचे गुन्हे वहीत टिपून आणी आणि धारेच्या वेळी तिच्या कानात एकेक सोडी. शाळेतही काहीतरी झालं. बाईंनी वर्गात प्रश्न विचारला आणि थोरलीचा हात वर गेला. ती उत्तर देऊन खाली बसली, आणि शेजारची मैत्रीण तिच्याकडे अशी बघत राहिली की हिच्या अंगात कोण आलंय. मधल्या सुट्टीत नळावर रांग मोडणाऱ्या धटिंगणाला तिने मागे उभं राहायला सांगितलं आणि तो गेला मुकाट्याने. एकदा आवाज गाईवर चालला की धटिंगण म्हणजे किरकोळ.

पण एक घोटाळा होता. बाबा सुधारायला लागले.

सकाळ-संध्याकाळ पोटच्या पोरीकडून ऐकून घ्यायचं म्हणजे कुणालाही लाज वाटणारच. दुसऱ्या दिवशी फाटकाला नवीन कडी आली, आपोआप पडणारी. तिसऱ्या दिवशी गळका नळ बंद झाला आणि घरात इतकी शांतता पसरली की कुणाला झोप लागेना. फावडं, विळे, कुदळी भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगल्या गेल्या. बूट दाराबाहेर, कप मोरीत. वकिलाची वही ओस पडली. सहाव्या दिवशी सकाळी थोरलीकडे बोलायला काहीच नव्हतं. ती गेल्या वर्षीचं फुटलेलं मडकं उकरून काढत होती आणि धार बारीक होत चालली होती, तेवढ्यात डॉक्टर कासेची तपासणी करायला आले. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही फाटक उघडं टाकून गेलात, ती म्हणाली, कोंबड्या पालकाच्या वाफ्यात शिरल्या, निम्मा पालक गेला. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला एक फाटक लावता येत नाही? डॉक्टर आधी ओशाळले. मग त्यांनी बादलीत पाहिलं, मग गाईकडे, मग पुन्हा बादलीत. चश्मा पुसून ते अदबीने म्हणाले, "चालू द्या. अजून काही असेल तर मी थांबतो." ते खरंच थांबले, आणि जाताना फाटक दोनदा तपासून गेले.

एक गोष्ट मात्र त्यातून पक्की झाली. बोलणी कुणालाही चालत होती, पण खरी हवी होती. आठव्या दिवशी बाबांनी बिचाऱ्यांनी मुद्दाम वाटेत घमेलं आडवं टाकून ठेवलं. थोरली त्यावरून ओरडली, पण ओरडता ओरडता तिला हसू फुटलं आणि सासूबाईंनी पान्हा असा वर ओढला की पुढे थेंब नाही. त्या दिवशी आणि नवव्या दिवशी कसंबसं भागलं. जुनी, शिळी भांडणं, अर्धी अर्धी बादली. कास पुन्हा कडक लागायला लागली.

दहाव्या दिवसाची संध्याकाळ. वकील दारापाशी खडू घेऊन उभा. नियम सांगत होता की आठवा-नववा चालवून घेतला, पण शेवटच्या दिवशी अर्धवट धार धरली जाणार नाही, कास रिकामी झाली पाहिजे. थोरलीने बूट म्हणून बघितले, कप म्हणून बघितला, हवा खराब आहे यावरही बाबांना दोष देऊन बघितला. काही नाही. बोटं थांबली. गोठा स्वच्छ, फावडं खिळ्यावर, कडी पडलेली, सगळं जिथल्या तिथे. तिच्या बापात एक चूक उरली नव्हती.

बाबा पाइप बंद करून तिच्याजवळ उकिडवे बसले. "खरं काहीतरी असेलच," ते म्हणाले. "जे अजून बोलली नाहीस."

थोरली बोलली ते अगदी हळू, कोटाचा आवाज नव्हता तो, तिचा स्वतःचा होता.

"दारावर माझ्या नावापुढे 'मदत' लिहिलंय. तुम्ही लिहिलंय. शेपूट सहा वर्षांची आहे, तिच्यापुढे अंडी आहेत. मदत म्हणजे काय काम आहे, बाबा? ते बिघडवता पण येत नाही. वकिलाने कांदा बुडवला तेव्हा तुम्ही बांधावर हात दाबून उभे राहिलात. माझ्यासाठी तसं कधी उभे राहिलात? मला बुडवायला तुम्ही काही दिलंच नाही."

सासूबाईंनी मान वळवली. धारेच्या वेळी पहिल्यांदाच भिंतीकडून इकडे. आणि पान्हा सोडला तो असा की थोरलीला दोन्ही हातांनी आवरेना. फेस वर आला, काठावर आला. बाबांचा हात बादली धरायला पुढे झाला, अर्ध्यात थांबला, आणि काखेत गेला. दुसराही गेला. कास पूर्ण मऊ होईपर्यंत ते तसेच उकिडवे बसून राहिले.

मग ते म्हणाले, "तू कधी मागितलं नाहीस."

"मागावं लागतं हे दारावर लिहिलेलं नव्हतं."

वकिलाने मान्य केलं की लिहिलेलं नव्हतं. बाबा उठले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने 'मदत' पुसलं, दोनदा पुसलं, कारण जुना खडू लाकडात मुरला होता. आईच्या ओळीतूनही एक शब्द पुसला. मग थोरलीपुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'सासूबाई'. शेपटाने ते अक्षरं लावून वाचलं आणि विचारलं की ताई आता सासूबाई झाली का. वकील म्हणाला, लक्षणं तर तीच आहेत.

आई गेल्यापासून चौदाव्या दिवशी दुपारी ती परत आली. तिने ओसरी बघितली, नळ बघितला, खिळ्यांवरची हत्यारं बघितली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी आजारी आहे का, तिने विचारलं. बाबांनी तिला चहा करून दिला आणि कप स्वतः मोरीत नेला. आईने मुलांच्या कपाळांना हात लावून बघितले.

संध्याकाळी ती सवयीने गोठ्यात गेली. निळं दार आत उघडून भिंतीला टेकलेलं होतं, त्यामुळे अक्षरं दिसत नव्हती. खुंटीवरचा कोट तिने प्रवासातल्या चांगल्या कपड्यांवरच चढवला आणि स्टुलावर बसली. बाबा शेजारची जागा धुवत होते. फाटक लागलेलं, फावडं खिळ्यावर. आईने बोलायला तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग ती फोनवरच्याच लोण्यासारख्या आवाजात म्हणाली की आले बरं मी, शहाणी माझी बाई. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. टण्, टण्. संपलं.

आईचे हात थांबले. ती गाईकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की वकिलालाही मुद्दा सुचेना.

"आई, ऊठ," थोरली म्हणाली.

आई त्या आवाजानेच उठली. थोरलीने स्टूल ओढलं, बादली गुडघ्यांत धरली आणि सुरुवात केली.

"चार दिवसांत येते म्हणालीस, तेरा दिवसांनी आलीस. बियाण्याच्या डब्यांवर नावं लिहिली नाहीस, आम्ही मुळ्याच्या जागी बीट पेरलंय. रोज फोन केलास आणि रोज गाईचं विचारलंस. मी जेवले का ते एकदा विचारलंस? गाईला विचारलंस जेवलीस का. आणि या कोटाचं वरचं बटण आहे कुठे? मी तेरा दिवस गळा उघडा टाकून बसलेय इथे."

घुर्र, घुर्र, घुर्र. आईचं तोंड उघडं राहिलं होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा अतिशय मन लावून आधीच स्वच्छ असलेला कोपरा धुवत होते. तिने बादलीकडे पाहिलं, मग मुलीच्या हातांकडे. तिथे तिची नजर अडली. सहा वर्षांची सवय, तिलाही थोडीच आवरणार.

"अगं, अंगठा आत दुमडू नकोस, असा वरून..."

थोरली बोलायची थांबली. शेपूट थांबली. वकील शांतपणे उठला, निळं दार भिंतीपासून ओढून पुढे आणलं आणि आईला वाचता येईल असं धरलं. आईने वाचलं. एकदा थोरलीची ओळ, एकदा स्वतःची, जिच्यात 'बियाणं आणि उरलेलं सगळं' एवढंच राहिलं होतं.

"आई," वकील म्हणाला. "नाली."

बाबांनी खिळ्यावरून फावडं काढलं आणि दोन्ही हातांनी, एखादं बक्षीस द्यावं तसं तिच्यापुढे धरलं. आईने ते घेतलं. चांगल्या कपड्यांवर कोट, त्याला वरचं बटण नाही, पायात बाहेरच्या चपला. ती नालीपाशी गेली, आत डोकावली, आणि तिची पाठ ताठ झाली.

"अहो," ती म्हणाली, "तेरा दिवसांत ही नाली एकदा तरी काढलीत का तुम्ही?"

नळ दुरुस्त झाला होता, कडी नवी होती, फावडं खिळ्यावर गेलं होतं. नाली बाबा विसरले होते.

सासूबाईंनी दोन्ही कान मागे वळवले. थोरलीने हात न थांबवता शेपटाला दुसरी बादली आणायला पिटाळलं.